धान्यातले किडे : तुमच्याकडे काय चाललं, काय फसलं?

परवा मुगाचा डबा उघडला तर आत भुंग्यांची जत्रा. डबा स्टीलचा, झाकण घट्ट, महिनाभर कोणी हात लावलेला नाही. वर खिडकीच्या जाळीवर रोज दोन-चार भुंगे सापडतात ते वेगळेच. आमच्या ठाण्याच्या घरात जुलै लागला की हेच सुरू होतं. रव्यात जाळी, तांदळात टोके, कणकेत ते बारीक तांबडे. स्वतः करून पाहिलेलं लिहा. फसलेलं असेल तर आवर्जून लिहा.

*

ताई, ते आले नाहीत, आधीपासून आतच होते. मुगा-चवळीचा भुंगा शेतातच अंडी घालायला सुरुवात करतो. दाण्यावर पांढरा ठिपका दिसतो ना, तेच अंडं. अळी दाण्याच्या आत वाढते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर पडते. तांदळातला टोका आणखी बेरकी. मादी दाणा कोरते, आत अंडं ठेवते आणि वरून भोक बुजवून टाकते. आपण निवडायला बसलो तरी काही दिसत नाही. उकाड्यात साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार. मी शेतकी शिकलेय, तरी माझ्याही चवळीला हे व्हायचंच! आता अख्खे मूग लागतील तेवढेच आणते आणि साठा डाळीचा करते. या भुंग्याला अख्खा दाणा प्रिय, डाळीच्या वाटेला तो फारसा जात नाही. घट्ट झाकणाचा उपयोग एवढाच की एका डब्यातले दुसऱ्यात जात नाहीत.

*

आमचं माहेर लातूरकडचं. मे महिन्यात वर्षाचं धान्य भरायचं. गहू-ज्वारीला दोन-तीन कडक उन्हं दाखवायची, पण आई संध्याकाळी लगेच भरू द्यायची नाही. धान्यात कोपरापर्यंत हात घालून बघायची, आतून गार लागलं तरच कोठीत. मला तेव्हा ते नसते लाड वाटायचे. पुण्यात पहिल्या वर्षी घाई केली, गच्चीवरून आणलेले गरम गहू तसेच पिंपात ओतले. आतल्या आत घाम सुटला. ऑगस्टमध्ये झाकण काढलं तर कुबट वास आणि वरच्या थरात पोरकिडे. तेव्हापासून मीही कोपरापर्यंत हात घालते.

तांदूळ मात्र उन्हात नको, सावलीत पसरा. उन्हाने तडकतो आणि शिजवताना कणी होते. कडुनिंबाचा पालाही सावलीत कुरकुरीत वाळवूनच घाला. ओलसर पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

*

तूरडाळीला एरंडेल. किलोला एक छोटा चमचा, दोन्ही हातांनी चोळायचं, दाण्यादाण्याला लागलं पाहिजे. शिजवायच्या आधी कोमट पाण्याने दोनदा धुवा. आमच्याकडे एकदा मुलाने डाळ न धुता कुकर लावला. त्या वरणाबद्दल घरात अजून बोललं जातं.

*

इथे अमेरिकेतल्या देशी दुकानात तेल लावलेली तूरडाळ ‘ऑइली’ म्हणून वेगळी मिळते, त्यामुळे तो प्रश्न सुटलाय. माझा वैताग पाखरांचा. आईने दिलेल्या भाजणीत जाळी धरली आणि पंधरा दिवसांत छताला अळ्या चढल्या. चिकट सापळे आणले. त्यांच्या वासाला नुसते नर येतात, म्हणजे पाखरं आहेत एवढं कळतं, वंश काही थांबत नाही. शेवटी सगळं ओतून कपाटाच्या फटी व्हॅक्यूमने काढल्या. आता भारतातून आलेलं प्रत्येक पीठ आधी चार दिवस फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. खोलीइतकी गरम होऊ द्या, नाहीतर पिठाला ओल धरते.

*

कोकणात आमची आजी वाल नि कुळीथ राखेत घोळवून ठेवायची. चुलीतली राख, चाळलेली. कीड कधी पाहिल्याचं आठवत नाही. आता गॅसच्या शेगडीतून राख कुठून आणू?

*

एकटा राहतो. पाव किलो रवा आणतो, आल्या दिवशी कोरडा भाजतो. लवंगा, तमालपत्रं, मिरच्या सगळं घालून पाहिलं. एकदा तर लवंगेवरच टोका बसलेला सापडला.

*

एक कळकळीची विनंती. बाजारात कोणी धान्यात घालायच्या ‘गोळ्या’ देऊ केल्या तर घेऊ नका. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलीनेच त्यांच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि तो किडा आणि माणूस असा भेद करत नाही. गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायची चीज आहे ती. आमच्या वडिलांनी एकदा पोत्यात टाकली होती, शेजारच्या खोलीत आम्ही झोपलेले. सकाळी सगळ्यांची डोकी ठणकत होती, दोघांना उलट्या. तेवढ्यावर निभावलं.

*

सगळ्यांचे आभार. मूग टाकून दिले, गहू उद्या गच्चीवर, कोपराची परीक्षा घेऊनच भरेन. आणि खिडकीतल्या भुंग्यांचा उगम सापडला! जावेच्या रुखवतात आलेला गणपती, मूग-मसूर-तांदूळ चिकटवून केलेला, सहा महिने स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेला. मागचा पुठ्ठा काढला तर सोंडेच्या प्रत्येक मुगाला भोक. गणपती म्हणून टाकायचा कसा, यावर सासूबाई आणि जाऊबाईंची बैठक चालू आहे. फ्रीझरमध्ये घालून पाहिला, फ्रेम मावत नाही.