चाफ्याच्या पाकळ्या गुंडाळतात त्याबद्दल
चाफ्याच्या फुलांची जाळीदार नक्षी असलेली शाल विणताना पाकळ्यांच्या कडा गुंडाळतात म्हणून बारीक सुया घ्या, असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. त्याने वीण घट्ट होते आणि जाळीची भोकंच मिटतात. मी चाफ्याची शाल बारीक लोकरीत, 4 मिलिमीटरच्या सुयांवर विणली. सुईवरून उतरली तेव्हा नुसता चोळामोळा दिसत होता. भिजवून, टॉवेलात दाबून, गादीवर ताणून टाचण्या लावल्या तेव्हा कुठे पाचही पाकळ्या उमलल्या. काय सुंदर दिसतं ते!

मात्र पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नका. ठाण्यातल्या जुलैच्या दमट हवेत, पंख्याखालीसुद्धा, मला दोन दिवस लागले. म्हणून टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात. अ‍ॅक्रिलिकच्या कृत्रिम लोकरीला नुसतं भिजवून हा ताण टिकत नाही. इस्त्री न टेकवता वरून वाफ द्यावी लागते.