हिस्टरी टीव्ही18 वर इतिहास लागतो तरी कधी?

आप्पांचा_रिमोट
आमचे आप्पा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्यासाठी हौसेने हे चॅनेल पॅकमध्ये घेतलं. पानिपत नसलं तरी दुसरं महायुद्ध तरी असेल, असा हिशोब. पहिल्या रात्री लागलं 'पॉन स्टार्स', म्हणजे लास वेगासमधलं गहाणवटीचं दुकान. दुसऱ्या रात्री बर्फावरून ट्रक. तिसऱ्या रात्री पिरॅमिड परग्रहवाल्यांनी बांधले की काय, यावर तासभर चर्चा. आप्पांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पुरावा कुठाय?"
हे आपल्याकडेच असं आहे की मूळ अमेरिकन चॅनेलही असंच?

जुना_अँटेना
मुळातच तसं आहे हो. तिकडे 1995 ला सुरू झालं तेव्हा महायुद्ध इतकं दाखवायचे की लोक 'हिटलर चॅनेल' म्हणून चिडवायचे. मग 2007 ला ते ट्रकवाले आले, 2009 ला दुकान. प्रेक्षक असे लोटले की रणगाडे गेले अडगळीत. आपलं चॅनेल 2011 चं, तिकडच्या ए+ई नेटवर्क्स आणि इथल्या टीव्ही18 च्या भागीदारीतलं. तिकडचा माल तयार, वर हिंदी आवाज चढवला की झालं. त्याआधी स्टारबरोबरचं हिस्टरी चॅनेल होतं, त्याचं पुढे फॉक्स हिस्टरी आणि मग चक्क फॉक्स ट्रॅव्हलर झालं. इतिहासाला सहलीला पाठवला!

खलबत्ता
सगळंच उसनं नाही हं. कृष्णा अभिषेकचं 'ओएमजी! ये मेरा इंडिया' इथलंच आहे. इतिहास नाही, कबूल. पण 2012 चं 'द ग्रेटेस्ट इंडियन', सर्वांत थोर भारतीय निवडायचं मतदान, विसरलात? कल्पना बीबीसीची, पण गांधीजींना मतदानाबाहेर ठेवून घेतलेलं. बाबासाहेब पहिले आले. आमच्या गल्लीत तेव्हा मतं द्यायची नुसती मोहीम चालली होती.
आणि रिमोटवरून ऑडिओ इंग्रजी करून बघा. हिंदी डबिंगमध्ये सगळेच भांडल्यासारखे बोलतात.

आप्पांचा_रिमोट
इंग्रजी केलं. आता घोळ वेगळाच झालाय. आप्पा ते दुकान रोज बघतात. गिऱ्हाईक अमेरिकन यादवी युद्धातली तलवार घेऊन आलं की मालकाच्या आधी हे भाव सांगतात, तोही डॉलरचे रुपये करून. काल तज्ज्ञाने तलवार नकली ठरवली, तर म्हणाले, "मूठ बघूनच कळलं होतं." परग्रहवाले लागले की मात्र अजूनही टीव्ही बंद.

खलबत्ता
मग आप्पांना पुरावा मिळाला म्हणायचा. दुकानात!