मदत हवी आहे: जेसन व्हॅलिडेशनमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो, तोही कधी येतो कधी नाही

महाप्याला एका छोट्या कंपनीत आहे. न्हावा शेवाहून माल पाठवणाऱ्या एक्स्पोर्टर्सच्या पॅकिंग लिस्ट आमच्याकडे जेसनमध्ये (डेटा लिहायची एक ठरलेली पद्धत) येतात. त्या स्कीमात (फाइलमध्ये काय, कसं असावं याचे नियम) बसतात का ते तपासून आम्ही पुढे पाठवतो. कोड जावात, व्हॅलिडेशनला तयार लायब्ररी. इतके दिवस बिनबोभाट चाललं होतं.

आता एका ग्राहकाच्या फाइल्स मध्येच अडकतात. स्क्रीनवर नुसतं ‘तपासणी चालू’ आणि लॉग कोरा. कॅचमध्ये (चुका पकडणारा भाग) एक्सेप्शनऐवजी थ्रोएबल, म्हणजे झाडून सगळ्या चुका, लिहिलं तेव्हा कुठे स्टॅकओव्हरफ्लोएरर (एकातून एक मेथड बोलावताना लागणारी स्टॅक ही मेमरी संपल्याची चूक) दिसला.

विचित्र भाग पुढेच आहे. सर्व्हिस रीस्टार्ट केली की ही फाइल हमखास फुटते. दुपारी, बरंच काम होऊन गेल्यावर तीच टाकली तर सुटते! माझ्या लॅपटॉपवर तर फुटतच नाही. सर्व्हरवर मेमरी वाचवायला कुणीतरी एक्सएसएस (स्टॅकचा आकार ठरवणारं सेटिंग) २५६ केबी करून ठेवलंय, लॅपटॉपवर लिनक्सचं नेहमीचं १ एमबी आहे.

माझा संशय रेफवर (स्कीमात एखाद्या व्याख्येकडे बोट दाखवणारी खूण). पॅलेटवर खोके, खोक्यात डबे, म्हणून ‘पॅकेज’च्या व्याख्येत पुन्हा ‘पॅकेज’चाच रेफ आहे. पण या फाइलमध्ये तीनच पातळ्या आहेत. ट्रेसमध्ये (चूक झाली तेव्हा चालू असलेल्या मेथड्सची यादी) लूप, ग्रुपटेल, ब्रांच, ग्रुपहेड, परत लूप... हेच दळण, आणि आमच्या कोडची एकही ओळ नाही. साहेब म्हणतात एक्सएसएस ४ एमबी करा आणि मोकळे व्हा. करू का?

प्रतिसाद:
रेफचा नाद सोडा. असा रेफ डेटा जितका खोल तितकाच खोल जातो, तीन पातळ्यांनी काही होत नाही. दोन व्याख्या मधे काहीही न तपासता एकमेकींकडेच बोट दाखवत असतील तर गोष्ट वेगळी, पण मग दुपारीही फुटलं असतं.

ती चार नावं जावाच्या रेगेक्स इंजिनमधली (मजकूर पॅटर्नशी, म्हणजे नमुन्याशी, जुळवणारा भाग) आहेत. स्कीमात कुठेतरी पॅटर्न असेल: कंसात ‘अक्षर किंवा आकडा किंवा स्पेस’ उभ्या रेघांनी तोडलेलं, आणि कंसाबाहेर स्टार. अशा गटाची प्रत्येक फेरी स्टॅकवर नवीन फ्रेम्स (मेथडच्या प्रत्येक कॉलची नोंद) चढवते. म्हणजे फील्डमध्ये जितकी अक्षरं तितकी खोली. त्या ग्राहकाचं मालाचं वर्णन लांबलचक आहे का बघा.

दुपारी सुटतं कारण तोवर जिटने (चालता चालता कोड यंत्रभाषेत आणणारा जावाचा भाग) ती मेथड्स कंपाइल केलेली असतात, आणि कंपाइल झालेल्या फ्रेम्सना सहसा कमी जागा लागते. तुमचा कोड दिसत नाही कारण जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारा प्रोग्राम) डीफॉल्टने वरच्या १०२४ फ्रेम्सच दाखवतं. मॅक्सजावास्टॅकट्रेसडेप्थ वाढवा, कोणी बोलावलं ते खाली सापडेल.

दुसरा प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. उभ्या रेघा काढून सगळं एकाच चौकटी कंसात घाला, ते साध्या लूपमध्ये चालतं. गट ठेवणं भागच असेल तर स्टारपुढे अधिकचं चिन्ह लावा. पण मग तो गट एकदा जुळवून घेतलेली अक्षरं परत देत नाही, त्यामुळे पुढे आणखी काही जुळवायचं असेल तर जपून. शिवाय हे चिन्ह जावात चाललं तरी सगळ्या भाषांत चालत नाही. तोच स्कीमा ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट वापरत असेल तर तिथे चालणार नाही.

एक्सएसएस आज ४ एमबी केलंत तर फक्त फुटायची लांबी वाढेल. आणि ते सगळ्याच थ्रेड्सना (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) लागू होतं. रात्र काढायची असेल तर तेवढ्या एका थ्रेडला कन्स्ट्रक्टरमधून मोठा स्टॅक द्या.

धागाकर्ता:
सापडलं, ‘वर्णन’च! ग्राहकाने अख्खं टेस्ट सर्टिफिकेट त्या फील्डमध्ये पेस्ट केलंय. चौकटी कंस केला, सर्व्हरवर रीस्टार्टनंतर पहिल्याच फटक्यात पास. एकच शंका: पॅटर्नच्या वर मॅक्सलेंग्थ (कमाल लांबीची अट) टाकली तर पुढे संरक्षण मिळेल ना?

दुसरा प्रतिसाद:
त्याच्यावर विसंबू नका. दोन्ही अटी स्वतंत्र आहेत, स्कीमात आधी लिहिली म्हणून लायब्ररी ती आधी तपासेल असं नाही. आणि लांबीत नापास झालं तरी सगळ्या चुका गोळा करणारी लायब्ररी पॅटर्न चालवतेच. लांबी व्हॅलिडेटरला द्यायच्या आधी तुमच्या कोडमध्ये तपासा. आणि ते थ्रोएबल राहू द्या.