चांदबिबी माहेरी परतली, ते चुकलंच

भिंगारवाला
परवा पाहुण्यांना घेऊन 'चांदबिबी महाला'वर गेलो होतो. नगरकरांना सांगायला नको, त्या वास्तूचा आणि बाईंचा संबंध नावापुरताच. ती मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. पण वर वारा खात बसलं की विषय निघतोच. पाहुण्यांनी विचारलं, "ती विजापूरची राणी ना? मग नगरच्या किल्ल्यात काय करत होती?"

उत्तर देता देता माझंच मत पक्कं झालं. बाईंनी माहेरच्या, म्हणजे नगरच्या निजामशाहीच्या, भानगडीत पडायला नको होतं. नवरा, विजापूरचा अली आदिलशहा, 1580 मध्ये मारला गेला. मूलबाळ नव्हतं, गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, आणि कारभार आला चांदबिबीकडे. हाच इब्राहिम पुढे आदिलशाहीचा सगळ्यात नावाजलेला शहा झाला. म्हणजे सासरी मान होता, हाताखाली वाढलेलं पोर तख्तावर होतं. आणि माहेरी? 1588 मध्ये भाऊ मूर्तझाला त्याच्याच मुलाने हमामात कोंडून मारलं, वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. 1595 पर्यंत पाच जणांची गादी गेली. बुडत्या घरात कोण पाय ठेवतं? शेवटी त्याच घरच्या लोकांनी 1600 मध्ये तिला मारलं. शौर्य मान्यच, पण निर्णय चुकला. हाणा आता.

वऱ्हाडी ठसका
शौर्य शौर्य काय लावलंय? 1596 च्या तहात वऱ्हाड कोणी मोगलांना दिलं? भावाने 1574 मध्ये वऱ्हाडची इमादशाही बुडवून घेतलेला मुलूख बहिणीने सही करून सोडला. नगरचा किल्ला वाचवायला आमचा बळी. चारशे वर्षं झाली, पण राग आहे भाऊ.

सोलापूरची सून
भिंगारवाले, 'सासरी मान होता' हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, मग सातारा आठवा. आदिलशाहीचा कारभार बळकावलेल्या किश्वरखानाने तिला महालातून ओढून काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं होतं. आरोप काय, तर ही नगरच्या भावाला आतून फूस लावते. राजाची विधवा, छोट्या शहाला सांभाळणारी चुलती, आणि तरी घरात कायम 'नगरवाल्यांची' ती नगरवाल्यांचीच. पुढे इखलासखान वगैरे हबशी सरदार उठले तेव्हा सुटली.

मुळात ते लग्न काय होतं ते बघा. साटंलोटं! हुसेन निजामशहाची ही मुलगी अलीला दिली, अलीची बहीण हादिया इकडे मूर्तझाला केली, आणि आंदण म्हणून सोलापूर. हे सगळं विजयनगरविरुद्ध एकी व्हावी म्हणून. चांदबिबीची दुसरी बहीण जमालबिबी गोवळकोंड्याला दिलेली होती. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली, ती या वरातींच्या जोरावर. चांदबिबी तेव्हा जेमतेम पंधराची.

आणि आमचं सोलापूर! आधीच्या पिढीत तिच्या आजोबांनी, बुऱ्हाण निजामशहांनी, आदिलशहाची बहीण मरियम केली तेव्हा हेच सोलापूर विजापूरकरांनी आंदण कबूल केलं. दिलं नाही, म्हणून लढाया झाल्या. म्हणजे एकच किल्ला दोन पिढ्यांत दोन्हीकडच्या मुलींच्या पदराला बांधला गेला. अशा घरांमध्ये 'माहेरी जावं की सासरी राहावं' हा बाईच्या मर्जीचा प्रश्न होता असं वाटतं तुम्हाला?

फारसी कच्ची
थोडी साफसफाई. दारूगोळा संपल्यावर चांदीच्या गोळ्या झाडल्या, ही गोष्ट मागाहून चढलेली आहे. तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली हीदेखील लोकांच्या तोंडची कथा.

1595 मध्ये मोगलांनी नगरच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्याबद्दल त्या काळचा इतिहासकार फिरिश्ता जे लिहितो ते मात्र इतकं बारीक आहे की डोळ्यांसमोर उभं राहतं. अकबराचा मुलगा मुराद याच्या लोकांनी तटाखाली पाच सुरुंग पोखरले. आतल्यांनी शोधून दोन निकामी केले. तिसरा निकामी करायचं काम चालू असतानाच बाहेरून बत्ती दिली गेली आणि पन्नासेक गज तट कोसळला. आतले सरदार पळायच्या बेतात. तेवढ्यात बुरखा घेतलेली, हातात नंगी तलवार घेतलेली चांदबिबी खिंडारात आली. दिवसभर हल्ले परतवले, आणि रात्री तिथेच उभी राहून तट काही हात वर चढवून घेतला. सकाळी मोगल बघतात तर भिंत उभी.

पण फिरिश्ता नगरहून विजापूरला गेला आणि पुढे इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिता झाला, हे लक्षात ठेवून वाचा. पुतण्याचं मीठ खाणारा माणूस चुलतीबद्दल वाकडं कसं लिहील?

भिंगारवाला
ताई, लग्न राजकारणासाठी झालं हे कबूल. पण 1595 मध्ये ती पंधराची नव्हती, पंचेचाळीसची होती. त्या वर्षी भाचा इब्राहिम निजामशहा लढाईत पडला, तो कुणाच्या फौजेपुढे? विजापूरच्या! म्हणजे तिने वाढवलेल्या पुतण्याच्या फौजेने तिच्या भावाचा मुलगा मारला. तेव्हाच कळायला हवं होतं की या दोन घरांना जोडायचा खटाटोप फुकट आहे.

सोलापूरची सून
फुकट? त्या मुडद्यावर वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा नगरच्या मदतीला कोण निघालं? विजापूरचा सुहेलखान. गोवळकोंड्याचीही कुमक त्याला मिळाली, फौज नळदुर्गापाशी जमली. ती येतेय हे कळलं आणि इकडे दाणागोटा संपत आला, म्हणून मुराद तहाला तयार झाला. नुसत्या तलवारीने तो वेढा उठला नाही. ज्या घराने भाचा मारला त्याच घराकडून फौज मागून आणायची, हे चांदबिबीशिवाय कुणाला जमलं असतं? मुरादला नगरवर बोलावणारा मियाँ मंजू तर निजामशाहीचाच वजीर. गादीवर त्याने बसवलेला पोरगा भलत्याच घरचा निघाला. खरा वारस बहादूर, भाच्याचा तान्हा मुलगा, जुन्नरजवळच्या चावंडवर अडकलेला. तो तिथे असतानाच चांदबिबीने त्याच्या नावाने द्वाही फिरवली.

वऱ्हाडी भाऊ, वऱ्हाड गेलं ते वाईट झालं. पण त्या बदल्यात मोगलांनी बहादूरला शहा मानलं.

वऱ्हाडी ठसका
मानलं म्हणे! आणि वर्षभरात गोदावरीकाठी नगर, विजापूर, गोवळकोंडा या तिन्ही शाह्या एकत्र लढल्या आणि मोगल सेनापती खानखानानकडून हरल्या. वऱ्हाडही गेलं, शब्दही गेला.

फारसी कच्ची
ती लढाई चांदबिबीने ओढवून घेतली नव्हती. तहाच्या बाहेरची ठाणी मोगल बळकावत होते, तिन्ही दरबार चिडलेले होते.

मला पटत नाही ते वेगळंच. ताई, तुमच्या हिशेबात नाती म्हणजे तिची ताकद. मला तर ती तिच्या गळ्यातली दोरी दिसते. विजापुरात आरोप झाला 'ही नगरवाल्यांना मिळालेली'. 1600 मध्ये अकबराचा आणखी एक मुलगा दानियाल याचा नगरला वेढा पडला, निजामशाही सरदार आहंगखान जुन्नरकडे निघून गेला, तेव्हा तिने सुचवलं की किल्ला देऊ, पण बहादूरला घेऊन जुन्नरला जाऊ द्यावं. किल्ल्यातला हमीदखान रस्त्यात ओरडत सुटला, 'बाई मोगलांना मिळाली!' जमाव महालात घुसला. वीस वर्षांच्या अंतराने तोच आरोप. दोन घरांत नाती असलेल्या बाईचा कुणालाच भरवसा नव्हता. शेवटी ऑगस्टमध्ये किल्ला पडलाच. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत.

सोलापूरची सून
दोरी होती हे खरं. पण तिला ते आधीपासून ठाऊक होतं, एवढंच म्हणते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हुसेन निजामशहाची स्तुती करणारी एक सचित्र पोथी आहे. त्यातल्या चित्रांमध्ये हुसेनशेजारी चांदबिबीची आई खुंजा हुमायून काढलेली होती. बऱ्याच पानांवर ती पुसली आहे. शहा जागच्या जागी, दासी जागच्या जागी, आणि राणीच्या ठिकाणी रंगाचा डाग. नवरा गेल्यावर हिने काही वर्षं राज्य चालवलं, आणि पोटच्या मूर्तझाने तिला कैद केलं. चांदबिबीने आईचं हे झालेलं पाहिलं होतं. माहेर काय असतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं, भिंगारवाले. तरी गेली.

भिंगारवाला
त्या पोथीचं माहीत नव्हतं. 'तरी गेली' हा तुमचा मुद्दा आणि 'गेलीच का' हा माझा, दोन्ही एकाच जागी येऊन थांबतात. मत बदलत नाही. साताऱ्याचं विसरलो होतो, तेवढं मागे घेतो.

पण साट्यालोट्यात मुली दोन होत्या की. विजापूरहून नगरला आलेल्या हादियाबद्दल कुणीच काही बोललं नाही. नवरा मूर्तझा, ज्याला लोक पुढे 'दिवाना' म्हणायला लागले. चांदबिबीच्या नावाने विजापुरात चांद बावडी आहे, नगरात तिचा नसलेला महालही आहे. हादियासाठी वेगळा धागा काढतो, ताई, तुम्ही या.