वीज पडली की झाड पडलं?

वर एकांनी लिहिलंय, विजा कडाडत असताना झालेली जखम रुग्णालयाच्या नोंदीत ‘एक्स ३३’ या कोडमध्येच टाकायची. अहो, नाही! आयसीडी-१० (आजार, दुखापती आणि त्यांच्या कारणांच्या कोडची जागतिक यादी) मधला हा कोड विजेचा फटका खुद्द माणसाला बसला तरच. विजेने झाड कोसळून दादरला कुणाचा खांदा मोडला तर डब्ल्यू २०, आणि विजेमुळे लागलेल्या आगीत भाजलं तर एक्स ०० ते ०९ मधला. दरडीला एक्स ३६, पुराला एक्स ३८. शिवाय रुग्णाच्या नोंदीत आधी दुखापत (मोडलेल्या खांद्याला एस ४२), मग कारण. आमच्याकडे पावसाळ्यात केसपेपरवर नुसतं ‘पडून लागलं’ असतं. हा पडला की याच्यावर काही पडलं, ते वॉर्डात जाऊन विचारायचं आम्ही कोड लावणाऱ्यांनीच.