वजन उचलणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नागपुरातील कॉलेजच्या जिम: तुलना करताना मोजायचे काय?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

प्रवेशाचे दिवस आले की नागपुरातील प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत वसतिगृह आणि ग्रंथालय यांच्या मधोमध कुठेतरी ‘अद्ययावत जिम’ हे शब्द येतात, आणि शेजारच्या छायाचित्रात हटकून ट्रेडमिलची रांग असते. स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट (प्लेट लावलेला लोखंडी बार खांद्यावर घेऊन बसणे-उठणे, पाठीवर पडून तो छातीवरून ढकलणे, आणि जमिनीवरून उचलणे) करणाऱ्या मुलाला त्या छायाचित्रावरून काहीही कळत नाही. म्हणून गेल्या दीड महिन्यात, तिथे शिकणाऱ्या मित्रांच्या ओळखीने, मी शहरातील चार संस्थांच्या जिममध्ये संध्याकाळी साडेसहाला जाऊन आलो. संस्थांची नावे घेत नाही. चर्चा एकदा नावांवर घसरली की ‘तुमचे कॉलेज, आमचे कॉलेज’ सुरू होते आणि मुद्दा बाजूलाच राहतो.

माझे मत थोडक्यात असे आहे की जिममध्ये यंत्रे किती आहेत हे न मोजता, गर्दीच्या वेळी एका विद्यार्थ्याला बारखाली प्रत्यक्ष किती मिनिटे मिळतात हे मोजावे. हिशोब सोपा आहे. जड स्क्वॉटचे पाच सेट (सलग उचलण्याच्या फेऱ्या), प्रत्येक सेटनंतर तीन मिनिटांची विश्रांती, आधीचे हलके सेट आणि प्लेट चढवणे-उतरवणे धरले तर एका माणसाला २५ मिनिटे लागतात. संध्याकाळी ५ ते ८ म्हणजे १८० मिनिटे, म्हणजेच एका रॅकवर (बार टेकवायच्या लोखंडी चौकटीवर) एकेकट्याने व्यायाम केला तर जेमतेम सात जण. तिघांनी मिळून रॅक वापरला तर एकाच्या विश्रांतीत दुसऱ्या दोघांचे सेट होतात आणि हा आकडा कागदावर २१ पर्यंत जातो. पण तिघांची उंची आणि वजने वेगळी असल्याने बारची जागा आणि प्लेट सतत बदलाव्या लागतात, त्यामुळे १५ च्या पुढे काही तो जात नाही.

आता प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. सर्वांत देखण्या जिममध्ये वातानुकूलन होते, भिंतभर आरसे होते, १४ यंत्रे होती आणि स्क्वॉट रॅक एकच होता. त्या रॅकवर एक जण हलक्या बारने बायसेप कर्ल (दंडाचा व्यायाम, ज्याला रॅक लागतच नाही) करत होता आणि मागे नऊ मुले भिंतीला टेकून मोबाईल पाहत उभी होती. उलट शहराच्या मध्यवस्तीतील एका संलग्न महाविद्यालयाची जिम म्हणजे सायकल स्टँडमागचे टिनाचे शेड. एक कूलर, तीन रॅक. तिन्ही रॅक कुठल्याशा वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेले, त्यांना बार हातून सुटला तर अडवणाऱ्या आडव्या सेफ्टी पिनांसाठी दर तीन बोटांवर भोके पाडलेली, आणि सर्वाधिक वापराच्या भोकाभोवतीचा रंग उडून लोखंड चकाकत होते. तिथे मला आठ मिनिटांत रॅक मिळाला. माझ्या यादीत ही जिम पहिली आहे. उरलेल्या दोन जिम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात. त्यांच्याविषयी वेगळे सांगण्याजोगे फारसे नाही.

निवृत्त क्रीडाशिक्षक

आपला हिशोब चुकीचा नाही, पण तो दुकानदाराचा हिशोब आहे. शेडमध्ये तीन रॅक होते हे आपण सांगितलेत. त्या तिन्हींवर मुले स्क्वॉट कसे करत होती हे सांगितले नाहीत. मी २६ वर्षे मुलांना शिकवले. रॅक पुष्कळ आणि शिकवणारा कोणी नाही, अशा जिममध्ये मुले एकमेकांच्या चुका शिकतात: गुडघे आत पडतात, डेडलिफ्टला पाठ कमानीसारखी वाकते, आणि ‘दोन महिन्यांत शंभर किलो’ या पैजेपायी कंबर धरून बसतात. एकच रॅक असला तरी शेजारी जाणकार प्रशिक्षक उभा असेल, तर त्या नऊ मुलांना रांगेत उभे राहूनसुद्धा काही शिकायला मिळते.

आपण पॉवरलिफ्टिंगचाच, म्हणजे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट या तिन्हींचाच विचार करत आहात. आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये भारोत्तोलनही असते, आणि त्यातले स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणे) व क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर नेणे) हे प्रकार केवळ पाहून येत नाहीत. त्यासाठी ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद लाकडी प्लॅटफॉर्म लागतो, वरून टाकल्यावर फरशी न फोडणाऱ्या रबरी प्लेट लागतात, आणि बार मांडीपासून किती लांब गेला हे बाजूने पाहणारा डोळा लागतो. आपल्या चार जिमपैकी एकीत तरी प्लॅटफॉर्म होता का?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

सर, नव्हता. हा मुद्दा माझ्या यादीत यायला हवा होता.

प्रशिक्षकाविषयी मात्र मी पूर्णपणे सहमत नाही. माहितीपुस्तिकेत प्रशिक्षक असतोच; प्रत्यक्षात तोच गृहस्थ क्रिकेटचा संघ निवडतो, ग्राउंडवर पाणी मारून घेतो आणि हिवाळी परीक्षेत पर्यवेक्षणाला बसतो. रॅक किती आहेत हे मला आज दुपारी जाऊन मोजता येते. प्रशिक्षक कसा आहे हे कळायला विद्यार्थ्याला एक वर्ष लागते, आणि तोवर प्रवेश घेऊन झालेला असतो.

कूलरसमोरचा

दोघांचीही क्षमा मागून एक अप्रिय गोष्ट मांडतो. महाविद्यालयाची जिम ही वजन उचलणाऱ्यांसाठी नसतेच. दोन हजार मुलांच्या महाविद्यालयात गंभीरपणे स्क्वॉट करणारी मुले तीस-चाळीस असतील. उरलेल्यांपैकी ज्यांना वीस मिनिटे ट्रेडमिलवर चालायचे आहे, पाठीचे दुखणे कमी करायचे आहे किंवा नुसतेच परीक्षेचे डोके हलके करायचे आहे, त्यांनीही तेच शुल्क भरलेले असते. तीन रॅक ठेवून जागा संपली तर त्यांनी कुठे जावे? ज्यांना शंभराच्या पुढे उचलायचे आहे त्यांनी धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत गल्लोगल्ली असलेल्या खासगी जिमपैकी एक गाठावी. तिथे पैसे देऊन रॅकवर हक्क सांगता येतो, आणि मोठ्या आवाजात ओरडण्याचाही.

शिवाय ज्या टिनाच्या शेडचे आपण कौतुक केलेत, तिथे मे महिन्यात दुपारी एकदा उभे राहून पाहा. नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा टिनाखालच्या बारला हात लावताना रुमाल लागतो. कूलर मे महिन्यात कोरड्या हवेत चांगला चालतो हे खरे, पण जुलै-ऑगस्टमध्ये तोच कूलर दमट हवा फिरवत राहतो आणि बार हातातून सुटू लागतो. वातानुकूलन ही चैन आहे असे गृहीत धरून आपण तुलना केली आहे, ते मला पटलेले नाही.

अंबाझरीकर (धागाकर्ता)

दमट हवेचा मुद्दा मान्य आहे. त्यावर हाताला लावायचा खडू हा उपाय आहे, आणि देखण्या जिममध्ये फरशी पांढरी होते म्हणून खडूलाच बंदी होती. खासगी जिमचे म्हणाल, तर वसतिगृहात राहून मेसचे बिल भागवणाऱ्या मुलाला दर महिन्याला वेगळे शुल्क आणि जाण्या-येण्याचा खर्च परवडत नाही. त्याच्यासाठी कॉलेजची जिम हीच पहिली आणि शेवटची जिम असते. जागेचे गणित तर उलटे आहे: एका लेग प्रेसच्या (पायांनी वजन ढकलायच्या यंत्राच्या) जागेत एक रॅक आरामात बसतो, आणि रॅकमध्ये स्क्वॉट, बेंच, खांद्याचा प्रेस, पुलअप असे सगळे होते. यंत्र एकाच कामाचे.

वसतिगृहाची खिडकी

मी पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे आणि तीन वर्षांपासून वजने उचलते. वरच्या चर्चेत सर्वांनी ५ ते ८ ही वेळ गृहीत धरली आहे. आमच्याकडे ती वेळ मुलांची आहे. मुलींसाठी दुपारी ३ ते ४ हा एक तास ठरवलेला आहे, तोही आठवड्यातून चार दिवस; त्या वेळी प्रात्यक्षिके असतात आणि जिमची चावी ज्यांच्याकडे असते ते कर्मचारी जेवण करून पावणेचारला येतात. दादा, आपल्याच सूत्रात हे आकडे घालून पाहावे: १५ मिनिटे, एक रॅक. एका मुलीचाही व्यायाम पूर्ण होत नाही. ज्या शेडला आपण पहिला क्रमांक दिला आहे, तिथे संध्याकाळी एक तरी मुलगी होती का, हे आपण पाहिले नसावे अशी शंका येते.

दुसरी गोष्ट बारची. भारोत्तोलनात पुरुषांचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा असतो, तर स्त्रियांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा. हा फरक शोभेचा नाही. लहान हाताला जाड बारवर अंगठ्याची हुक पकड (अंगठा बोटांखाली दाबून धरणे) बसत नाही आणि स्नॅच शिकताना पहिल्याच महिन्यात मनगट कुरकुरते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे भारोत्तोलन २००० साली आले आणि त्याच वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात कांस्यपदक मिळवले. २०२१ मध्ये टोकियोत मीराबाई चानू यांनी ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक घेतले. एवढे होऊनही १५ किलोचा बार मागितला तर आमच्या क्रीडा विभागात ‘तो कशाला, रिकामी रॉड घे ना’ असे उत्तर मिळते. ही रिकामी रॉड पाच फुटांची आहे आणि रॅकच्या दोन्ही हुकांवर एकाच वेळी पोचत नाही.

निवृत्त क्रीडाशिक्षक

ताई, आपण म्हणता ते मी माझ्या नोकरीत पाहिले आहे आणि त्यात माझाही दोष आहे. मुलींची वेळ ठरवताना आम्ही वेळापत्रकातला रिकामा तास पाहायचो, मुलींना तो सोयीचा आहे का हे विचारत नसू.

गोंदियाचा पाहुणा

एक बाहेरची बाजू. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. आज त्याच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे येतात. आमच्या गावाकडच्या महाविद्यालयात रॅक नाही आणि प्रशिक्षकही नाही. आहे ती दोन डंबेल आणि एक बेंच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आलो तेव्हा स्पर्धेचा खरा बार मी आयुष्यात पहिल्यांदा धरला.

त्या दिवसाची हकिकत सांगतो. कॉलेजबाहेरच्या जिममध्ये सरावात १०० किलोचा स्क्वॉट मला सहज जात होता. स्पर्धेत ९५ किलोवर दोनदा अडकलो. परत गेल्यावर संशय आला म्हणून, जिथे सराव करत होतो त्या जिममधील सामान भंगारवाल्याच्या काट्यावर नेले. ज्यावर ‘२०’ असे ओतीव अक्षरांत लिहिलेले होते अशा चार प्लेट मिळून ७४ किलो ४०० ग्रॅम भरल्या. २० किलोचा म्हणून सांगितलेला बार १६ किलोचा निघाला. म्हणजे माझे १०० किलो प्रत्यक्षात ९० किलो ४०० ग्रॅम होते. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत प्लेटच्या वजनात पाव टक्क्याचा फरक चालतो. माझ्या प्लेटमध्ये तो सात टक्के होता. तेव्हा रॅक किती, मिनिटे किती, हे सगळे मोजण्याआधी वजने तरी खरी आहेत का, हे पाहावे अशी विनंती आहे.

कूलरसमोरचा

हे वाचून मी माझे एक वाक्य मागे घेतो. खासगी जिममध्ये पैसे देऊन रॅक मिळतो असे मी म्हटले होते. प्लेट तिथेही याच बनावटीच्या असतात. बाकीच्या मतावर मी ठाम आहे: तीस जणांसाठी दोन हजार जणांची जागा अडवू नये.

अंबाझरीकर (धागाकर्ता)

माझ्या यादीचा क्रम बदलावा लागणार आहे. शेडमध्ये त्या संध्याकाळी एकही मुलगी नव्हती. हे मी पाहिले होते, पण ते नोंदवण्यासारखे आहे असे मला वाटले नाही. ती जिम आता पहिली राहत नाही. नव्या तक्त्यात मिनिटे मुलांची आणि मुलींची स्वतंत्र मांडीन, चावी कोणाकडे असते आणि परीक्षेच्या काळात जिममध्ये बाकडी टाकली जातात का हेही विचारीन, आणि प्लॅटफॉर्मसाठी वेगळा रकाना ठेवीन. प्रशिक्षकाचा रकाना सरांच्या आग्रहाखातर ठेवतो, पण त्यात नाव नसून ‘आठवड्यातून किती तास जिममध्ये दिसतो’ हा आकडा असेल.

वजनांची तपासणी शनिवारी माझ्याच कॉलेजपासून सुरू करतो. प्लेट दुचाकीवरून नेता येतील, मात्र सात फुटांचा बार ऑटोत मावत नाही आणि क्रीडा विभाग तो फाटकाबाहेर जाऊ देईल असेही दिसत नाही.

वसतिगृहाची खिडकी

बार नेऊ नये, काटाच जिममध्ये न्यावा. घरी वजन पाहायचा साधा काटा पुरतो: आधी रिकामे उभे राहावे, मग बार खांद्यावर घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. फक्त ते ३ ते ४ या वेळेत करू नये, तेवढा तास आमचा आहे.