नोप्पोसान नुसते टोपी घालून उभे होते का?

कागदकात्री
कालच्या धाग्यात जुनी_टेपने ठणकावून लिहिलंय की एनएचके या जपानी वाहिनीवरच्या 'देकिरु काना' या मुलांच्या हस्तकलेच्या कार्यक्रमातल्या नोप्पोसानना उगाच देव्हाऱ्यात बसवलं जातं. वस्तूंच्या कल्पना एदात्सुने हिरोशींच्या, निवेदनाचा आवाज त्सुकासे नोरिकोंचा, आणि हा माणूस नुसता बाहुला, टोपी घालून उभा. खरा शिक्षक म्हणे त्यांच्यानंतर आलेला वाकुवाकुसान. हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नोप्पोसान, म्हणजे ताकामी, हे मुळात नाचणारे. जन्म 1934, क्योतो. घरात करमणुकीचाच धंदा, स्वतः टॅप नाच शिकलेले, हॉलिवूडचा नर्तक फ्रेड अस्टेअर याचे भक्त. 1966 मध्ये 'नानि शिते आसोबो' या आधीच्या कार्यक्रमापासून न बोलणारा माणूस म्हणून ते पडद्यावर आले आणि पुढे 'देकिरु काना' संपेपर्यंत, म्हणजे मार्च 1990 पर्यंत, तसेच राहिले. एक अख्खी पिढी मोठी होईपर्यंत तोंडातून शब्द नाही! शेवटच्या भागात बोलले, तेही अरे, बोललोच की, अशा अर्थाचं. बोलायचं नाही म्हटल्यावर 'आता इथे घडी घाला' हे सांगायचं कशाने? बोटांनी. घडी घालण्याआधी हात थांबला पाहिजे, नखाने कड दाबलेली दिसली पाहिजे, मगच पुढे. हे नर्तकाचं काम आहे, बाहुल्याचं नाही.

जुनी_टेप
नर्तक होते, मान्य. पण ते स्वतःच सांगत की माझे हात बोजड आहेत. मग हस्तकलेचे गुरू कसले? वस्तूची आखणी, कुठे चीर द्यायची, कुठला खोका घ्यायचा, हे सगळं एदात्सुनेंचं. श्रेयनामावली वाचायची सवयच उरलेली नाही लोकांना. मुलांच्या कार्यक्रमांत कल्पना लढवणारा माणूस कायम अंधारात राहतो, हीच माझी तक्रार आहे आणि ती मी सोडणार नाही.

कागदकात्री
मग तोच न्याय वाकुवाकुसानना लावा की! त्यांचा कार्यक्रम 'त्सुकुत्ते आसोबो' 1990 ते 2013 चालला, त्यातल्या वस्तू हिदा ओसामुंच्या. कुबोता मासातो, म्हणजे वाकुवाकुसान, नुसते सादर करणारे. एकाला बाहुला म्हणायचं आणि दुसऱ्याला शिक्षक, हे कुठल्या तराजूत बसतं?

आणि बोजड हात हा दोष कसा? सफाईदार कारागीर कापतो तेव्हा रेघ आपोआप सरळ जाते, पोराला वाटतं आपल्याला हे जमायचं नाही. नोप्पोसानांची कात्री अडायची, कागद फिरवून घ्यावा लागायचा. पाच वर्षांच्या मुलाला शिकायचंय ते हेच: कात्री नाही फिरवायची, कागद फिरवायचा.

पन्हळी_पुठ्ठा
मधेच बोलतो. दोन्ही कार्यक्रमांनी एक वाईट सवय लावली ती म्हणजे सेलोटेप. जिथे तिथे टेप. खळ नाही, डिंक नाही. रबराच्या चिकटीची टेप काही वर्षांत पिवळी पडते, कडक होऊन सुटते आणि कागदावर तपकिरी पट्टा ठेवून जाते. मुलांना जोड शिकवायचा तर चिकटवून शिकवा.

जुनी_टेप
शंभर टक्के. टेप म्हणजे आळस.

घडीबाज
आळस? कार्यक्रम पंधरा मिनिटांचा होता! पांढरा गोंद पुठ्ठ्यावर भार घेण्याइतका धरायलाच दहा मिनिटं जातात, पूर्ण वाळायला तास. मग एकतर आधी चिकटवून ठेवलेली वस्तू टेबलाखालून काढायची, म्हणजे पोराची शुद्ध फसवणूक, नाहीतर टेप लावायची. समोर सुरू केलेली वस्तू समोरच पुरी व्हावी असं वाटत असेल तर दुसरा मार्ग नाही.

शिवाय जपानात घरोघरी मिळणारा कच्चा माल कोणता? दुधाचा एक लिटरचा कागदी खोका, बूड सात सेंटिमीटर चौरस. त्याला आतून-बाहेरून पॉलिथिनचा थर. पांढरा गोंद धरतो तो पाणी कागदात शोषलं गेल्यावर. इथे पाणी जाणार कुठे? गोंद वरच ओला राहतो आणि वाळला की सालीसारखा निघून येतो. तिथे स्टेपलर नाहीतर टेपच. पोस्टर रंगही त्यावर थेंब-थेंब होऊन गोळा होतो. भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब घातले तर पसरतो, पण घडीवर लावलात तर तडकणारच. आधी घड्या, मग रंग.

पन्हळी_पुठ्ठा
दुधाच्या खोक्याचं ठीक आहे. मी पन्हळी पुठ्ठ्याबद्दल बोलतोय. नोप्पोसान मोठमोठ्या खोक्यांची वाहनं करायचे, त्यांचा पोशाखातला सोबती गोन्ताकुन त्यात घुसायचा. तिथे पातळ टेप काय धरणार?

घडीबाज
तिथे पातळ टेप कोण लावतं! तिथे पाच सेंटिमीटर रुंदीची कापडी टेप. हाताने सरळ फाटते, एकावर एक चिकटते. खाकी कागदी टेप घेतली तर फसलात. तिची पाठ गुळगुळीत केलेली असते, त्यामुळे तिच्यावर दुसरी पट्टी बसत नाही, कोपऱ्यावर दुहेरी लावली की सुटलीच. आणि टेपला नावं ठेवण्याआधी पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळींच्या नळ्या कुठल्या दिशेला आहेत ते बघा. भिंतीत नळ्या उभ्या हव्यात, आडव्या ठेवल्या तर मूल टेकताच भिंत कंबरेत मोडते. नळ्यांच्या दिशेने घडी सहज पडते. त्यांना छेदून घालायची तर आधी बोथट टोकाने खाच ओढावी लागते, नाहीतर घडी वेडीवाकडी जाते आणि दोष टेपच्या माथी येतो.

जुनी_टेप
धागा नोप्पोसानांचा आहे. पुठ्ठ्याचं दुकान बंद करा आता.

घडीबाज
पुठ्ठ्याशिवाय नोप्पोसान कसे कळणार तुम्हाला? तुम्ही नामावलीच वाचत बसा.

जुनी_टेप
नामावली वाचतो म्हणूनच बोलतो! निवेदनाचं काय? त्सुकासेबाई नोप्पोसानांशी बोलत, त्यांना टोकत. हे निवेदन काढलं तर ती शांतता नुसती पोकळी ठरते. बाई 1989 मध्ये गेल्या, पुढच्याच वर्षी कार्यक्रम संपला. आणि गोन्ताकुन! पश्चिम जपानातल्या कान्साई बोलीत 'गोन्ता' म्हणजे व्रात्य पोर. त्या पोशाखात घामाघूम होणाऱ्या माणसाचं नाव इथे एकाने तरी घेतलं का?

कागदकात्री
त्सुकासेबाईंबद्दल तुमचं म्हणणं बरोबर, ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण बाईंच्या टोकण्याला उत्तर कोण देत होतं? खांदे पाडून, टोपी मागे सारून, दोन पावलं टॅप करून? ते वाक्य लिहून देता येत नाही. आणि लिहिणंही त्यांना येत होतंच, फुजी टीव्हीच्या 'हिराके! पोन्किक्की' या मुलांच्या कार्यक्रमाच्या लेखकांत ते होते.

शेवटचं एक. ते मुलांना 'मुलं' म्हणत नसत, 'लहान माणसं' म्हणत, आणि मोठ्यांशी बोलावं तशा आदराने त्यांच्याशी बोलत. 10 सप्टेंबर 2022 ला गेले. त्यांच्याच इच्छेनुसार बातमी दाबून ठेवली, ती 10 मे 2023 ला, त्यांच्या वाढदिवशी, बाहेर आली. हे नुसतं टोपी घालून उभं राहणं आहे का?

जुनी_टेप
'बाहुला' हा शब्द चुकीचा होता, एवढं मानतो. एदात्सुनेंचं नाव मात्र प्रत्येक वेळी पहिलं घ्या.

पन्हळी_पुठ्ठा
कापडी टेपचं पटलं. सेलोटेपचं अजून नाही.